दिव्याखाली बघून रंग घे

पत्र: काकू, मी ३१ वर्षांची, सोलापुरात प्राथमिक शाळेत शिकवते. कॉलेजनंतर सुटलेलं नाटक यंदा पुन्हा धरलं आहे. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीसाठी आमचं दोन अंकी नाटक बसतंय आणि त्यात मी सत्तर वर्षांची विडी कामगार आजी करते आहे. रंगभूषेला एकच जण येणार आणि आम्ही अकरा नट, म्हणून ज्याने त्याने आपलं साहित्य घ्यावं असं ठरलं. माझ्याकडे अडीच हजार रुपये आहेत. नवी पेठेत दुकानात गेले आणि इतक्या डब्या बघून तशीच परत आले. माझी मैत्रीण नवरीचा मेकअप करते. ती म्हणते, कॅमेऱ्यासाठीचा एचडी बेस लावू, चेहरा उजळेल. दिग्दर्शक म्हणतात, कामगार बाई आहे, दोन शेड काळी हो. मागच्या वर्षी एकांकिकेच्या फोटोत माझा चेहरा राखेसारखा आला होता आणि नंतर दोन दिवस गालाला खाज होती. माझा रंग सावळा, चेहरा गोल. काय घेऊ, काय नको?
– नवखी आजी, जुळे सोलापूर

प्रिय आजीबाई,

मैत्रीण तुला उजळ करायला निघाली आहे आणि दिग्दर्शक काळी करायला. या एका बाबतीत दोघांचंही ऐकू नकोस. तुझा रंग आहे तोच रंगमंचावर जाऊ दे. सावळी, गोल चेहऱ्याची, सत्तरीची आजी सोलापुरात कुठल्याही गल्लीच्या तोंडाशी बसलेली दिसते. तिला रंग बदलायची गरज पडत नाही, तर तुला का पडावी?

दिग्दर्शकांना माझ्या वतीने एक गोष्ट सांग. विडी वळणारी बाई उन्हात काम करत नाही. ती घरात, ओसरीवर नाहीतर कारखान्याच्या छपराखाली, मांडीवर सूप घेऊन दिवस काढते. ऊन लागतं ते तयार विड्या कारखान्यात द्यायला जाताना, तेवढंच. त्या कामाच्या खुणा कातडीच्या रंगात सापडायच्या नाहीत. त्या पाठीच्या बाकात असतात, सतत खाली बघून जड झालेल्या पापण्यांत असतात, तंबाखूच्या धुळीने चुरचुरणाऱ्या डोळ्यांत आणि बोटांच्या टोकांवर असतात. "कामगार म्हणजे काळी" ही आपल्या हौशी रंगभूमीवर वर्षानुवर्षं चालत आलेली सवय आहे आणि मला ती मनापासून खटकते. प्रेक्षागृहात अशा आज्यांच्या लेकी-नाती बसलेल्या असतात. त्यांना त्या फासलेल्या काळेपणाचा अर्थ बरोबर कळतो. दिग्दर्शकांना खरं तर थकवा दिसायला हवा आहे, असा माझा अंदाज आहे. तो कसा आणायचा ते पुढे सांगते. त्यांना तो दिसला की काळ्या रंगाचा हट्ट ते आपणच सोडतील.

दुकानात जाण्याआधी एक काम कर. तू शिक्षिका आहेस. तुझ्या वर्गात किंवा शाळेत एखादं तरी लेकरू असं निघेल, ज्याची आजी विड्या वळते. नाहीतर विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, किंवा अशोक चौकाच्या आसपास ओळख काढ. रीतसर विचारून, चहाला म्हणून जा आणि तासभर नुसती शेजारी बस. फोटो मागू नकोस. त्या माउलीचे गाल कुठे ओघळलेत, ओठ कसे आत गेलेत, कपाळावरच्या आठ्या उभ्या आहेत की आडव्या, केस कुठून पांढरे झालेत, कुंकू कुठे आणि केवढं लावलं आहे, हे बघून ये. घरी आल्यावर वहीत एक गोल काढून त्यात टिपून ठेव. हा कागद तुझ्या अडीच हजारांच्या साहित्याइतकाच कामाचा आहे.

आता त्या राखेची गोष्ट. तुझ्याकडे झालं असणार ते असं. आपल्या सावळ्या रंगाच्या पोटात पिवळसर, तांबूस छटा असते. त्यावर गुलाबी झाक असलेलं, एक-दोन शेड फिकं फाउंडेशन बसलं की दोन्ही मिळून करडं दिसतं. वरून पांढरी टाल्कम पावडर थापली की चित्र पूर्ण होतं. त्यात समोरून थंड पांढऱ्या एलईडीचा उजेड आला असेल, तर गालावर शिल्लक असलेली ऊबही गेली. प्रयोगानंतरचा गटाचा फोटो फ्लॅश मारून काढला असेल तर आणखी एक कारण सापडेल: ज्या क्रीममध्ये ऊन अडवण्यासाठी झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असतं, ते फ्लॅशचा उजेड परत फेकतं. एचडी म्हणून विकल्या जाणाऱ्या बारीक पांढऱ्या पावडरीत बहुतेकदा सिलिका असते, तिचे तर फ्लॅशमध्ये चट्टेच उमटतात. तेव्हा प्रयोगाच्या दिवशी सनस्क्रीन नको आणि पांढरी पावडर तर कधीच नको.

तुझ्या मैत्रिणीचा हात चांगला असणार, याबद्दल मला शंका नाही. पण नवरीचा मेकअप हातभर अंतरावरच्या डोळ्यांसाठी आणि कॅमेऱ्यासाठी असतो. त्यात कातडी एकसारखी गुळगुळीत करायची असते, गालाच्या हाडावर चमक आणायची असते. तुला चेहऱ्यावर उंचवटे आणि खळगे दाखवायचे आहेत, तेही दहाव्या-पंधराव्या रांगेपर्यंत. समोरच्या प्रखर दिव्यात खरा चेहरा चपटा होतो. नाक, गाल, कपाळ सगळं एका पातळीवर येतं. म्हणून सावल्या आपल्यालाच रंगाने घालाव्या लागतात. शिमर, हायलायटर, खोट्या पापण्या मैत्रिणीच्या पेटीतच राहू देत. मात्र तिला रंगपटात, म्हणजे रंगभूषेच्या खोलीत, जरूर बोलाव. रंगाची कड विरवण्याची कला तिच्याकडे आहे आणि वृद्धाच्या रंगभूषेत अर्धं काम त्या विरवण्याचंच आहे.

रंग निवडण्याआधी तुमच्या प्रकाशयोजनाकाराला गाठ. हे मी सगळ्यांना सांगते आणि फार थोडे ऐकतात. त्याला तीनच प्रश्न विचार: समोरचे दिवे हॅलोजन आहेत की एलईडी? आजीच्या प्रवेशांना कोणते रंग आहेत? रात्रीचा प्रवेश निळा आहे का? हॅलोजनचा उजेड साधारण ३२०० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप), पिवळट आणि उबदार. त्यात पिवळे, फिके रंग विरून जातात. थंड पांढरा एलईडी ५६०० केल्विन किंवा त्याच्याही पुढे जातो, त्यात चेहरा निळसर, निर्जीव दिसू शकतो. रंगीत उजेडाचा खेळ वेगळा. लाल रंग लाल दिसतो तो त्याच्यावर पडलेल्या उजेडातला लाल भाग परत येतो म्हणून. निळ्या उजेडात लाल भाग जवळजवळ नसतोच, मग गालावरची लाली आणि ओठांचा मरून रंग काळा पडतो. उलट गुलाबी किंवा लाल दिव्यात तीच लाली दिसेनाशी होते. म्हणजे तुमच्या नाटकात निळी रात्र असेल, तर तुझ्या सावल्यांच्या तपकिरीत लालसरपणा कमी ठेवावा लागेल. नाहीतर गालाच्या जागी दोन भोकं दिसतील.

आता खरेदी. तळाचा रंग म्हणजे बेस, त्याचे दोन प्रकार समोर येतील. पॅनकेक ओल्या स्पंजने लावायचा, तो कोरडा आणि मॅट दिसतो. पॅनस्टिक म्हणजे तेला-मेणाची कांडी, तिला वरून पावडरीने बसवावं लागतं. (पॅनकेक हे मुळात १९३०च्या दशकात मॅक्स फॅक्टर या मेकअप कंपनीने रंगीत चित्रपटांसाठी काढलेल्या एका वस्तूचं नाव. आपल्याकडे रंगपटात मात्र कुणाचाही असो, तो पॅनकेकच.) पॅनकेकवर घामाचे ओघळ पटकन उमटतात आणि त्याच्यावर ओल्या सावल्या विरवता येत नाहीत. तुला सावल्याच घालायच्या आहेत, तेव्हा पॅनस्टिक घे.

शेड दुकानातल्या ट्यूबलाइटखाली ठरवू नकोस आणि मनगटावर तर मुळीच नको. जबड्याच्या कडेला, गळ्याकडे जाणाऱ्या भागावर बोटभर रेघ ओढ, दुकानाबाहेर दिवसाच्या उजेडात ये आणि आरशात बघ. जी रेघ सापडत नाही ती तुझी शेड. दोन शेडमध्ये अडलीस तर गडद घे, कारण समोरचे दिवे रंग थोडा खातातच. क्रायोलान कंपनीच्या कांड्यांवर एफएस ३८, एफएस ४५ असे नंबर असतात. "अमकीला हा नंबर छान दिसला" म्हणून कुणी सुचवेल, पण नंबर ऐकून घेऊ नकोस, लावून घे. शक्य असेल तर एक युक्ती आणखी चांगली: तुमच्या रंगभूषाकारांकडे दोन-तीन कांड्या असतील, त्या तालमीत एखादा दिवा पेटवून गालाला लावून बघा, मग तेवढीच एक विकत घे.

एवढं मात्र बघून घे की वेष्टनावर उत्पादकाचा लायसन्स नंबर, बॅच नंबर आणि मुदतीची तारीख आहे, आणि माल परदेशी असेल तर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक आहे. नामांकित कांड्यांच्या नकला बाजारात फिरतात. भाव फारच उतरलेला दिसला की मी हात मागे घेते.

पैसे लावायचे ते या क्रमाने. आधी बेस. मग कातडीच्या रंगाची, पिवळसर झाकेची लूज पावडर आणि मोठा मऊ पफ. मग सावलीसाठी करडी झाक असलेला तपकिरी आणि उजेडासाठी तुझ्या बेसपेक्षा दोन शेड फिका, पिवळट रंग. हे दोन्ही क्रीमचे घे, छोट्या डब्या पुरतात. काळी पेन्सिल घेऊ नकोस, तपकिरी घे. केसांसाठी पांढरा क्रीम रंग. दोन चपटे ब्रश, एक बारीक, आणि तुझे स्वतःचे दोन स्पंज. लिपस्टिक, ब्लश, आयशॅडोची पेटी, यातलं काही नको. आजीला त्याचा उपयोग नाही. स्पिरिट गम (खोट्या दाढी-मिशा चिकटवायचा डिंक), लॅटेक्स (पातळ रबर) यांच्याही नादी लागू नकोस. लॅटेक्सने कातडी चुरगळलेली दिसते हे खरं, पण ते सराव मागतं, आणि कित्येकांना त्याची अ‍ॅलर्जी असते. तुझ्या गालाने एकदा तक्रार केलेलीच आहे.

वृद्धत्वाच्या रेषांबद्दल लिहिताना मला माझीच एक चूक सांगावी लागते. रंगभूषा शिकत होते तेव्हा एका स्पर्धेत एका तरुण मुलाला मी म्हातारा केलं. काळी पेन्सिल घेतली आणि कपाळावर तीन, डोळ्यांशेजारी तीन-तीन, नाकापासून ओठांपर्यंत दोन रेघा ओढल्या. आरशात छान वाटलं. मुलगा रंगमंचावर आला आणि त्याच्या सगळ्यात दुःखाच्या वाक्याला मागच्या रांगांत खसखस पिकली. त्यांना रेघा दिसत होत्या, वय दिसत नव्हतं. त्याने महिनाभर घासलेला प्रवेश माझ्या हाताने गेला, आणि त्याने मला एका शब्दानेही बोल लावला नाही. तेव्हापासून मी कुणाच्याही चेहऱ्यावर पहिली रेघ ओढत नाही. आधी मोठ्या सावल्या, आणि रेषा अगदी शेवटी, लागल्या तरच.

तुझा चेहरा गोल आहे, ही अडचण समजू नकोस. पुस्तकी पद्धतीत गाल खोल दाखवतात. गोल चेहऱ्यावर तसं केलं की गालावर डाग पडल्यासारखं दिसतं. गोल चेहरा म्हातारा होतो तो ओघळून. म्हणून तू तुझा भर खाली ठेव. बेस लावून झाला की आरशासमोर हनुवटी गळ्याकडे ओढ. जबड्याच्या कडेला, ओठांच्या कोपऱ्याखाली जी लहानशी पिशवी तयार होते ना, तिच्या खालच्या कडेला तपकिरी लाव आणि पिशवीच्या फुगीर भागावर फिका. नाकाच्या पाळीपासून ओठांच्या कोपऱ्याकडे येणारी घडी हसून शोध. घडीच्या तळात तपकिरी लाव. त्याची गालाकडची कड तशीच धारदार ठेव आणि ओठांकडची बोटाने विरव. मग घडीला लागून, गालाच्या बाजूला फिका रंग दे. एक कड धारदार आणि दुसरी विरलेली असली की लांबून ती खरी घडी वाटते. दोन्ही कडा सारख्या ठेवल्यास तर ती नुसती रेघ होते.

डोळ्यांत थकवा आणायचा तो असा. नाकाच्या बाजूच्या कोपऱ्यात, भुवईखाली जो खळगा असतो, तिथे तपकिरी. डोळ्यांखालच्या फुगीर पट्टीवर फिका आणि तिच्या खाली चंद्रकोरीसारखी हलकी सावली. पापण्यांच्या कडांना काजळ नको. काजळाने डोळा तरुण आणि टपोरा होतो. कानशिलांवर बोटाने हलकीच सावली दे, कारण वयाबरोबर ती जागा आत जाते. भुवया उलट्या दिशेने विंचरून त्यांच्या टोकांना किंचित पांढरा लाव. ओठांवर बेस फिरव म्हणजे त्यांची लाली जाईल, आणि प्रयोगात ओठ थोडे दातांवर आत ओढून धर. आजी मिशेरी लावणारी असली तरी दातांना काळा रंग लावू नकोस. तोंड उघडल्यावर सगळ्यांचं लक्ष तिथेच जातं आणि संवाद हरवतो. चष्मा असेल तर काचा काढून टाक. दिवे काचेत चमकले की डोळे गायब होतात.

गळा विसरू नकोस. हौशी रंगमंचावर सत्तरीच्या चेहऱ्याखाली पंचविशीचा गळा मी इतक्या वेळा पाहिला आहे की आता आधी गळाच बघते. मान ताणलीस की दोन शिरा उभ्या राहतात. त्यांच्यावर फिका, मधल्या खळग्यात तपकिरी, एवढंच.

केसांना पावडर लावायची पद्धत सोडून दे. पावडरीने काळे केस पांढरे होत नाहीत, धुरकट होतात. पदर डोक्यावरून घेतलास की खांद्यावर सडा पडतो आणि कुणी डोक्यावरून हात फिरवला तर धूर उडतो. जुन्या टूथब्रशवर पांढरा क्रीम रंग अगदी थोडा घे आणि कपाळाच्या कडेपासून मागे, केसांच्या वरच्या थरावर ओढ. कानशिलं, भांगाच्या दोन बाजू आणि अंबाड्याची वरची कड एवढ्या जागा पुरतात. सगळं डोकं पांढरं करायचं नाही. मधे काळे केस दिसू दे, म्हणजे पांढऱ्याला पांढरेपण येतं.

आणि हात. तुझ्या भूमिकेत चेहऱ्यापेक्षा हात जास्त वेळ दिसणार आहेत. आजी बोलत असताना पान कापत असेल, तंबाखू भरत असेल, विडी वळून दोरा गुंडाळत असेल. प्रेक्षक त्या हालचालीला खिळलेले असतील, आणि तिथे शाळेतल्या बाईंचे नितळ हात दिसले तर चेहऱ्यावरचं सगळं काम फुकट जाईल. मूठ आवळून बघ. जी हाडं आणि शिरा वर येतात त्यांच्यावर फिका, मधल्या खाचांत तपकिरी लाव आणि वरून भरपूर पावडर दाबून बसव. नखांना पॉलिश असेल तर आठवडाभर आधी काढ आणि नखं आखूड काप. बोटांच्या टोकांना आणि तळव्याला मात्र काही लावू नकोस. विडीचं तेंदूपान वळताना ओलसर असतं. खरी पानं वापरणार असाल तर बोटांवरचा रंग त्यावर उतरेल आणि तिथून लुगड्यावर जाईल. वळण्याचा सराव मात्र त्या आजींकडेच कर. सराईत बोटं वय सांगतात, तिथे रंगाचं काम उरतच नाही.

खाजेबद्दल. ती बेसने आली, दुसऱ्याच्या स्पंजने आली की मुदत संपलेल्या डबीने, हे आता कळणार नाही. पण यापुढे नवीन घेतलेली प्रत्येक गोष्ट प्रयोगाच्या निदान आठवडाभर आधी कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे लाव आणि ४८ तास थांब. लाल झालं, खाजलं, पुरळ आलं तर ती वस्तू बाजूला ठेव, कितीही महाग असो. अकरा जणांत एक स्पंज, एक काजळकांडी फिरते ही आपली नेहमीची रीत, आणि एकाचे डोळे आले की पुढच्या तालमीला चौघांचे आलेले असतात. कांडी थेट गालाला घासू नका. स्टीलच्या चमच्याच्या टोकाने थोडा रंग काढून ताटलीत घ्या आणि तिथून वापरा. स्पंज ज्याचा त्याचा.

संस्थेच्या जुन्या पेटीत काही बिननावाच्या पुड्या असतील तर त्या वापरू नका. एके काळी रंगपटात सफेदा, पिवडी, मुर्दाडशिंग, हिंगूळ खोबरेल तेलात कालवून लावत. मुर्दाडशिंग म्हणजे शिशाचं संयुग आणि हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं. त्या नटांना दुसरं काही मिळत नव्हतं, तुम्हाला मिळतं. तसंच गुलाल, सुटा शेंदूर, पोस्टर कलर यांतलं काहीही चेहऱ्यावर नको. नाटकातल्या पुरुषांनाही सांग, मिशी काळी करायला केसांचा डाय ओठावर लावू नका. त्यातल्या पीपीडी नावाच्या रसायनाने ओठ सुजतात, आणि काळ्या मेंदीतही बऱ्याचदा तेच असतं. सुजेने सुटलेला संवाद मी ऐकला आहे. तुला पुन्हा खाज आली आणि दोन दिवसांत गेली नाही तर घरगुती लेप करत बसू नकोस, त्वचेच्या डॉक्टरांकडे जा.

प्रयोगाआधी पूर्ण रंगभूषा निदान दोनदा करून बघ. पहिल्यांदा तालमीच्या खोलीत, नुसता वेळ मोजायला. सुरुवातीला तुला दीड तास लागेल, सरावाने तो तासावर येईल. दुसऱ्यांदा रंगीत तालमीला, दिव्यांसकट. त्या वेळी एक विश्वासू माणूस तिसऱ्या रांगेत बसव आणि एक शेवटच्या रांगेत. तिसऱ्या रांगेतल्याला विचार, "कुठे रंग दिसतोय?" शेवटच्या रांगेतल्याला विचार, "मी किती वर्षांची वाटते?" दोघांच्या उत्तरांमधून तुझी मात्रा ठरेल. फोनवर काढलेल्या फोटोवर विसंबू नकोस. फोन उजेड आपल्या मनाने कमीजास्त करतो आणि सावळ्या चेहऱ्यांवर तर हमखास फसवतो. हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात मागे बसणाऱ्याला तू कशी दिसतेस, हे मागे बसलेलाच सांगू शकतो.

प्रयोगाच्या दिवशी गार पाण्याने तोंड धू, साधं मॉइश्चरायझर लाव आणि पंधरा मिनिटं काही करू नकोस. संवाद म्हण. मग बेस पातळ, दोनदा लाव. जाड एकदा लावलेला बेस दिव्यांखाली फुटतो. क्रीमचं सगळं काम आधी संपव, पावडर शेवटी, आणि ती पफने दाबून, घासून नाही. एकदा पावडर बसली की वर पुन्हा क्रीम लावू नकोस, गोळे होतात. मध्यंतरात घाम आला तर पातळ सुती रुमाल टिपकागदासारखा दाबायचा आणि कपाळ, वरचा ओठ एवढ्यालाच पावडर लावायची. कुंकू सगळ्यात शेवटी, आणि त्या आजींनी लावलं होतं तेवढंच.

प्रयोग संपल्यावर लोक भेटायला येतील, फोटो होतील, आणि रंग तसाच घेऊन घरी जाऊन झोपायचा मोह होईल. तिथेच रंगपटात खोबरेल तेल चोळ, मऊ कापडाने पूस, मग फेसवॉश. केसांतला पांढरा आधी तेलाने सैल कर आणि मग शाम्पू लाव, कोरडा विंचरलास तर केस तुटतील. हातांना तेल लावायला विसरू नकोस. तपकिरी रंग नखांच्या कडांना धरून बसतो, आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिताना पहिल्या बाकावरच्या मुलांना तो दिसेल.

निकाल काहीही लागो, आजी कशी झाली ते कळव. आणि ज्यांच्याकडे चहाला गेली होतीस त्या आजींसाठी पहिल्या पाच रांगांतली एक खुर्ची राखून ठेव.

तुझी,
काकू